डरहॅमचा कॅनेडियन आणि नारायणगावच्या राहुट्या

पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात, आणि इकडे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेला वाद पेटतो. कुणी म्हणतं, सरकारनं फडांचं अनुदान वाढवावं. कुणी म्हणतं, डीजेनं लोकांचे कान बिघडवले, आता काय उपयोग! स्वतःचे पैसे अडकवून कलावंताचं गाणं बाजारात नेणारा माणूस मात्र या भांडणात कुणालाच आठवत नाही.

आमच्या शेजारच्या डरहॅममध्ये असा एक होता, बॅरी पॉस. कॅनडाचा. ड्यूक विद्यापीठात समाजशास्त्र शिकायला आला, फिडल म्हणजे इथलं लोकसंगीतातलं व्हायोलिन वाजवणाऱ्यांच्या मेळाव्यांना जाऊ लागला, बॅन्जो शिकला आणि 1978 मध्ये त्यानं ‘शुगर हिल रेकॉर्ड्स’ ही तबकड्यांची कंपनी काढली. म्हणजे इथल्या डोंगरातल्या संगीताचा, ब्लूग्रासचा, कैवार घेतला तो एका परप्रांतीयानं! पहिली तबकडी ‘बून क्रीक’ या बँडची, त्यात रिकी स्कॅग्ज आणि डोब्रो (एक प्रकारची गिटार) वाजवणारा जेरी डग्लस. पुढे गिटारवाले डॉक वॉटसन आले, ‘सेल्डम सीन’ हा बँड आला, 1999 मध्ये डॉली पार्टनचा ब्लूग्रास अल्बम आला. 2000 मध्ये ‘निकेल क्रीक’ बँडची पोरं आली, तेव्हा सोवळ्या रसिकांनी नाकं मुरडली. पण पॉसला संग्रहालय चालवायचं नव्हतं. जुन्या मुळांवरचं आजचं संगीत त्याला विकायचं होतं, आणि त्यानं ते विकलं.

तरी हा नमुना जसाच्या तसा उचलता येणार नाही. ब्लूग्रास रेडिओ आणि तबकड्यांवरच वाढलं. तमाशातली बतावणी, वग, समोरच्या फेटेवाल्याला मारलेला टोमणा ध्वनिमुद्रणात अर्धाच उरतो. शिवाय बॅन्जो वाजवणाऱ्याकडे इथला मध्यमवर्ग कौतुकानं पाहतो. आपल्याकडे फडातल्या बाईची जात आणि चारित्र्य आधी काढलं जातं. त्यावर कुठल्याही कंपनीकडे औषध नाही. सरकार नको असंही मी म्हणत नाही. ब्लूग्रासचे जनक बिल मनरो यांना 1982 मध्ये इथला राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला, तो सरकारीच होता. आणि पॉसनंही 1998 मध्ये कंपनी वेल्क या संगीत समूहाला विकली, जरी त्यानंतरही काही वर्षं कारभार त्याच्याकडेच होता. पण तोवर वीस वर्षं झाली होती, गाणी श्रोत्यांच्या घरात पोचली होती.

आमच्या ग्रुपवर दरवर्षी दिवाळी कार्यक्रमासाठी मुंबईहून कलाकार आणायला डॉलर जमतात. त्यातले थोडे एखाद्या फडाच्या नीट ध्वनिमुद्रणात घालावेत, असं मी सुचवलं आहे. माझी अट एकच आहे: मुखपृष्ठावर ढोलकीवाल्याचंही नाव हवं.