शेजारी बसवले म्हणजे सामावून घेतले का?

विशेष गरजा असलेल्या मुलांना बालवाडीतील गाणी-गोष्टींच्या वेळी इतरांसोबतच बसवावे, असे मत मांडणारा एक लेख नुकताच वाचला; ते मत पटले. मात्र तेवढ्याने काम होते, असा जो सूर त्यात उमटतो, तो अपुरा वाटतो. मुलाने ठरीव साच्यात बसण्यापेक्षा शिकवणे मुलाच्या गरजेप्रमाणे बदलावे, हे विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाविषयीच्या १९९४ च्या सलामांका या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यात स्पष्टपणे म्हटले आहे.

माझ्या वर्गातील एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा झांज वाजताच कान झाकून टेबलाखाली शिरत असे. मग आम्ही गाण्याआधी त्याला झांजेचे चित्र दाखवू लागलो आणि पहिला ठोका त्याच्याच हाती दिला. आवाज कधी येणार हे त्याला आधी कळू लागल्यावर तो हळूहळू गोलात टिकू लागला. उशिरा बोलू लागलेल्या इतर मुलांनाही त्या चित्रांचा उपयोग झाला.

अशा मुलाच्या मदतीसाठी वर्गात त्याच्यासोबत असणाऱ्या मदतनीसाबद्दल लेखात काहीच नाही, याचे आश्चर्य वाटते. ती व्यक्ती सतत मुलाला चिकटून बसली, तर इतर मुले त्याच्याशी न बोलता, ‘त्याला चेंडू हवा आहे का?’ असे तिलाच विचारतात. तिने दोन हात मागे सरकून बसणे मला चित्रांइतकेच महत्त्वाचे वाटते.