‘६०० मिमी नसेल तर घरीच बसा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

उडत्या पक्ष्यांचे फोटो काढू पाहणाऱ्या नवख्यांसाठी एक ‘नियमावली’ या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत असते. थोडक्यात ती अशी : लेन्स ६०० मिमीची हवीच (मिमी जितके जास्त, तितकं दूरचं मोठं दिसतं), नसेल तर घरीच बसा. शटर, म्हणजे प्रकाश आत येण्याचा वेळ, कायम सेकंदाचा १/४०००. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, ४०० च्या पुढे नेलात तर फोटो गेला. कॅमेरा सेकंदाला २० फ्रेम काढणारा घ्या, बाकीचं तो सांभाळतो. आणि पक्षी उडत नसेल तर टाळी वाजवा किंवा जवळ खडा टाका.

इतकं ठासून लिहिलंय की वाचणाऱ्याला खरं वाटतं. कॅमेरा नुकताच हातात घेतलेला माणूस हे वाचून एकतर ऐपतीबाहेरचा खर्च करतो, नाहीतर नाद सोडून देतो. शेवटचा सल्ला मानला तर पक्ष्यांना छळतो. तिन्ही गोष्टी होताना मी पाहिल्या आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

आधी लेन्स. लांब लेन्सने पक्षी मोठा दिसतो, यात वाद नाही. पण नवख्याची पहिली अडचण पक्षी लहान दिसतो ही नसतेच. पक्षी चौकटीत सापडतच नाही, ही असते. फुल फ्रेम (३६×२४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६०० मिमीची लेन्स या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत जेमतेम ४ अंश आकाश दाखवते. हात सरळ लांब करा आणि दोन बोटं जोडून आकाशासमोर धरा, साधारण तेवढीच खिडकी. त्यातून वळणं घेणारा भिंगरी पक्षी शोधून बघा! ३०० मिमीला हीच खिडकी ८ अंशांची होते, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. शिवाय कॅमेरा दीडपट क्रॉपचा, म्हणजे लहान सेन्सरचा असेल, तर ३०० मिमीचं दृश्य ४५० मिमीसारखंच मिळतं. शिकायला एवढं भरपूर आहे.

खरी सवय लावायची ती वेगळीच. पक्षी दूर असतानाच त्याच्यावर नजर रोखायची आणि नजर न हलवता कॅमेरा डोळ्याला लावायचा. आधी कॅमेरा लावून मग पक्षी शोधायला गेलात की तो हुकलाच. झूम लेन्स असेल तर २०० च्या आसपास पक्षी पकडा आणि मग पुढे जा. सरावाला घार उत्तम. ती संथ गोल फेऱ्या मारते, चुकलेली संधी पुढच्या फेरीत परत देते. आणि पक्षी फारच लांब असेल, मध्ये तापलेली हवा थरथरत असेल, तर कितीही महाग लेन्स लावा, पिसं दिसणार नाहीत. जवळचा पक्षी येईपर्यंत थांबणं हाच त्यावर इलाज.

शटर आणि आयएसओचे नियम एकत्रच पाहायला हवेत, कारण ते एकमेकांच्या मुळावर उठलेत. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात, एफ/५.६ वर (हे लेन्सच्या छिद्राचं माप), १/४००० आणि आयएसओ ४०० कसंबसं जमतं. पण पक्ष्यांची लगबग असते सकाळी आणि संध्याकाळी. तेव्हा प्रकाश दुपारच्या चौथाईवर आला की हाच फोटो दोन स्टॉपने काळवंडतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). मग संगणकावर तो उजळायचा, आणि सावल्यांतून नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, वर काढायचा. जो नॉइज टाळायला आयएसओ अडवून धरला, तोच अशा वेळी जास्त उठून दिसतो. सुरुवातीलाच आयएसओ १६०० ठेवून योग्य एक्सपोजरने (फोटो किती उजळ येतो ते) घेतलेला फोटो बहुतेक वेळा त्याहून सरस निघतो.

शिवाय प्रत्येक पक्ष्याला १/४००० लागतं कुठे? बगळा सेकंदाला दोन-तीनदाच पंख मारतो. त्याला १/१००० बहुधा पुरतं, आणि त्याच चौथाई प्रकाशात आयएसओ ४०० वरच काम भागतं. तरंगणाऱ्या घारीला तर त्याहून कमीही चालतं. भिंगरी, खंड्या, वेडा राघू यांना १/२५०० किंवा पुढे न्या आणि आयएसओ वाढू द्या. आकडा पक्षी पाहून ठरतो.

आणि ज्याने निम्मे फोटो खराब होतात, त्याचा या नियमावलीत उल्लेखच नाही. उजळ आकाशापुढच्या गडद पक्ष्याला कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर काळा करून टाकतो. तिथे एक्सपोजर एक-दीड स्टॉप वाढवा. गडद झाडीपुढच्या पांढऱ्या बगळ्याला उलट कमी करा, नाहीतर पिसांचा तपशील जळून जातो.

२० फ्रेमचा मुद्दा लवकर संपतो. फ्रान्समधल्या एत्येन-ज्यूल मारे यांनी १८८२ साली बंदुकीच्या आकाराच्या कॅमेऱ्याने सेकंदाला १२ चित्रं घेत उडते पक्षी टिपले आणि पंखांची हालचाल अभ्यासली, म्हणजे २० शिवायही काम झालं. वेगवान बर्स्टने (बटण दाबून धरून सलग काढलेल्या फोटोंनी) पंखांच्या जास्त स्थिती मिळतात, इतकंच. फोकस चुकला असेल तर एकाऐवजी वीस अस्पष्ट फोटो हाती येतात. कॅमेरा हलत्या पक्ष्यावर फोकस धरून ठेवणाऱ्या ‘सतत फोकस’ मोडवर ठेवा (कॅनॉनमध्ये सर्वो, निकॉन-सोनीत एएफ-सी) आणि पक्ष्यामागे कॅमेरा सलग फिरवत तीन-चार फ्रेमचे छोटे बर्स्ट घ्या.

आता टाळी आणि खडा. याचा मला मनापासून राग येतो. चिखलात टिपणारे पाणथळीतले पक्षी लांबच्या स्थलांतरासाठी चरबी साठवत असतात. प्रत्येक उठवणुकीत ती खर्च होते आणि चरायचा वेळही जातो. घरट्यावरून उठवलेल्या मादीची अंडी उन्हात उघडी पडतात, कावळ्यांना वाट दिसते. तुम्ही एकदाच टाळी वाजवलीत, पण त्याच तळ्यावर दिवसभरात आणखी कितीजण येतात?

फोटोसाठीही ही युक्ती निरुपयोगी आहे. घाबरलेला पक्षी तुमच्यापासून दूर पळतो. हाती लागते ती शेपटी आणि पाठ. समोरून, डोळ्यात चमक असलेला पक्षी हवा असेल तर वारा ओळखा. पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करूनच उडतात आणि उतरतात. म्हणून सूर्य आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीशी असतील अशी जागा धरा आणि खाली बसा. खंड्या, वेडा राघू भक्ष्य घेऊन पुन्हा त्याच फांदीवर येतात, त्यांची ये-जा पाठ होते. बगळे संध्याकाळी ठरलेल्या झाडांकडे ठरलेल्या वाटेने परततात. बसलेला पक्षी उडण्याआधी बऱ्याचदा शिटतो, अंग पुढे झुकवतो, पाय किंचित वाकवतो. तेवढं दिसलं की बोट शटरवर न्या.