पीएफ काढायची मुभा आणि तिची किंमत

ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याच्या तेरा तरतुदी गुंडाळून त्यांचे तीन गट करायचं ठरवलं. शिक्षणासाठी दहा वेळा पैसे काढायची मुभा आणि पंचवीस टक्के रक्कम खात्यात राखून ठेवायची अट त्यातच आली. तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या नोकरदारांत दोन तट पडले आहेत. एकाचं म्हणणं, पैसे माझे, मग पंचवीस टक्के खात्यात अडकवून ठेवणारे तुम्ही कोण? दुसऱ्याचं म्हणणं, मुलांच्या शिक्षणासाठी दहा-दहा वेळा काढू दिले तर अठ्ठावन्नाव्या वर्षी हाती धुपाटणंच येणार. अमेरिकेतल्या मराठी घरांतही मूल अकरावी-बारावीत गेलं की हाच विषय निघतो, कारण इथेही घराखालोखाल मोठी रक्कम निवृत्तीच्या खात्यातच पडलेली असते. फरक असा, की भारतात दाराशी नियम उभा असतो आणि आत कर नसतो. अमेरिकेत दार बऱ्यापैकी उघडं असतं आणि आत कर, दंड आणि आणखी दोन-तीन वसुल्या दबा धरून बसलेल्या असतात.

आधी इथला हिशोब मांडतो, म्हणजे तिथल्या वादाकडे नीट बघता येईल.

पती-पत्नी मिळून वर्षाला दीड लाख डॉलर कमावतात, मुलीच्या कॉलेजसाठी चाळीस हजार हवेत, दोघंही साडेएकोणसाठ वर्षांच्या आत, म्हणजे मुदतीआधी पैसे काढल्याचा दहा टक्के दंड लागू. ४०१-के या नोकरीतल्या निवृत्तीखात्यातून ‘हार्डशिप’, म्हणजे निकडीची गरज म्हणून पैसे काढता येतात. कंपनीच्या योजनेत तशी सोय असेल, तर पुढच्या बारा महिन्यांची कॉलेजची फी आणि राहण्या-जेवण्याचा खर्च हे मान्य कारण आहे. नेमकी इथेच गल्लत होते. कारण मान्य झालं म्हणजे दंड माफ झाला, असं लोक धरून चालतात. तसं नाही. ४०१-के मधून शिक्षणासाठी काढलेल्या पैशावर दहा टक्के दंडाला सूट नाही. बावीस टक्के केंद्रीय आयकर आणि वर दहा टक्के, म्हणजे चाळीस हजारांतले १२,८०० गेले. हातात पूर्ण चाळीस हजार हवे असतील तर जवळजवळ ५८,८०० काढावे लागतात. राज्याचा कर वेगळा, आणि कॅलिफोर्नियात असाल तर राज्याचा स्वतःचा अडीच टक्के दंड त्याहून वेगळा.

वसुली तिथेच थांबत नाही. पदवीच्या पहिल्या चार वर्षांसाठी ‘अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी’ नावाची वर्षाला २,५०० डॉलरपर्यंतची करसवलत मिळते. जोडप्याचं उत्पन्न १,६०,००० च्या वर गेलं की ती आटायला लागते आणि १,८०,००० ला संपते. या घराचं उत्पन्न दीड लाख, म्हणजे सवलत पूर्ण मिळत होती. त्यात काढलेले ५८,८०० मिळवले की २,०८,८००, आणि सवलत शून्य. हा फटका पैसे काढताना कुठल्याही कागदावर दिसत नाही. एप्रिलमध्ये रिटर्न भरताना कळतो.

आयआरए, म्हणजे आपण स्वतः उघडलेल्या निवृत्तीखात्याचं गणित निराळं. तिथून उच्च शिक्षणासाठी काढलं तर आयकर लागतो, पण दहा टक्के दंड नाही. त्यामुळे जुन्या कंपनीतलं ४०१-के पडून असेल तर क्रम महत्त्वाचा: आधी ते थेट आयआरएमध्ये वळवायचं, मग तिथून काढायचं. उलट केलं, म्हणजे ४०१-के मधूनच काढलं, तर दंड बसतो आणि साठ दिवस उलटले की मागाहून काही करता येत नाही. वळवतानाही धनादेश स्वतःच्या नावावर घेऊ नये. घेतला तर कंपनीला वीस टक्के कापावेच लागतात, आणि साठ दिवसांत पूर्ण रक्कम आयआरएमध्ये भरायची म्हटलं की ते कापलेले वीस टक्के पदरचे घालावे लागतात.

दंडमाफीच्या अटीही डोळ्यांत तेल घालून वाचाव्यात अशा आहेत. खर्च आणि पैसे काढणं एकाच कॅलेंडर वर्षात हवं. दुसऱ्या सत्राचं बिल डिसेंबरात येतं आणि भरायची मुदत जानेवारीत असते. डिसेंबरात पैसे काढून जानेवारीत फी भरली, की दोन वेगळी वर्षं झाली आणि माफी गेली. फी, पुस्तकं, साहित्य चालतं. राहण्या-जेवण्याचा खर्च विद्यार्थी किमान अर्धवेळ शिकत असेल तरच, आणि बाहेर खोली घेतली असेल तर कॉलेजने जाहीर केलेल्या भत्त्यापुरताच. करमुक्त शिष्यवृत्ती आणि ५२९ या शिक्षणासाठीच्या बचत खात्यातून करमुक्त काढलेले पैसे खर्चातून वजा करायचे. खातं सांभाळणारी कंपनी काढलेल्या पैशाची नोंद देणाऱ्या १०९९-आर फॉर्मवर सरसकट ‘१’ हा कोड टाकते, म्हणजे ‘मुदतीआधी, सूट माहीत नाही’. सूट आपणच रिटर्नसोबतच्या फॉर्म ५३२९ वर ‘०८’ कोड लिहून मागायची असते. ती राहिली तर वर्षा-दीड वर्षाने दंडाची नोटीस येते.

आता एक बाब खास आपल्या लोकांसाठी. ही सूट फक्त अमेरिकी शिक्षणखात्याच्या विद्यार्थी-मदत योजनेत बसणाऱ्या संस्थांसाठी आहे. परदेशातली काही विद्यापीठं त्या यादीत आहेत, भारतातली बहुतेक महाविद्यालयं नाहीत. मुलाला एनआरआय कोट्यातून महाराष्ट्रात मेडिकलला घालायचं आणि फी आयआरएमधून भरायची, असा बेत असेल तर यादीत नाव बघितल्याशिवाय पैशाला हात लावू नये. शाळेच्या, म्हणजे बारावीपर्यंतच्या फीला तर ही सूट नाहीच.

रोथ आयआरएत, म्हणजे कर भरून झालेले पैसे ठेवायच्या आयआरएत, आपण घातलेली मुद्दल कधीही कर-दंडाशिवाय निघते, म्हणून बरेच जण आधी तिला हात घालतात. इथे फाफ्सा आडवा येतो. आर्थिक मदतीच्या या अर्जात निवृत्तीखात्यातली शिल्लक धरत नाहीत, पण काढलेली रक्कम उत्पन्नात धरतात, करमुक्त मुद्दलसुद्धा. आणि उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचं बघतात. २०२६ च्या ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या पहिल्या सत्राआधी त्याच वर्षी काढलेले पैसे २०२८-२९ च्या अर्जात, म्हणजे मूल तिसऱ्या वर्षाला असताना उगवतात. म्हणून काढायचेच असतील तर दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीनंतर काढावेत. चार वर्षांत पदवी झाली तर ते कुठल्याच अर्जात येत नाहीत. तोवरची फी पगारातून, ५२९ मधून किंवा कर्जाने भागवावी.

४०१-के वर कर्जही मिळतं: निहित, म्हणजे पूर्णपणे आपल्या हक्काच्या झालेल्या शिल्लकेच्या निम्मं किंवा ५०,००० डॉलर, जे कमी ते, फेड साधारण पाच वर्षांत, पगारातून. कर नाही, दंड नाही, व्याज आपल्याच खात्यात. कागदावर यासारखं काही नाही. पण नोकरी गेली की उरलेलं कर्ज पुढच्या वर्षीच्या रिटर्नच्या मुदतीपर्यंत आयआरएमध्ये भरावं लागतं, नाही तर ते मुदतीआधी काढलेलं समजून कर आणि दंड. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाला नोकरी सुटल्यावर नवी शोधायला जेमतेम साठ दिवस मिळतात. त्याने हे कर्ज घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता परत तिकडच्या वादाकडे. पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर काढलेल्या पीएफवर कर नाही. म्हणून पैसे काढणाऱ्याला काहीच मोजावं लागत नाही, असं वाटतं. त्रेचाळिसाव्या वर्षी मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी पाच लाख काढले, व्याजदर आत्ताचा ८.२५ टक्के राहिला, तर अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याच पाच लाखांचे सुमारे १६ लाख ४० हजार झाले असते. ही रक्कम कुठल्या पावतीवर छापून येत नाही. अमेरिकेतला दंड निदान बोचतो. म्हणून माणूस दुसरी वाट शोधतो.

त्यामुळे पंचवीस टक्के राखून ठेवण्याची अट मला जाचक वाटत नाही, कमीच वाटते. नोकरी गेल्यावर पूर्ण रकमेसाठी दोनऐवजी बारा महिने थांबावं लागण्यावरून ओरड झाली, पण पंचाहत्तर टक्के लगेच काढता येणार असतील तर त्या ओरडीत फार दम नाही. पेन्शनचा भाग काढायला छत्तीस महिने लावले हेही बरं; दहा वर्षं भरण्याआधी तो काढून टाकला की मासिक पेन्शनचा हक्कच जातो, हे घाईत कुणाच्या लक्षात राहत नाही. खटकतं ते शिक्षणासाठी दहा वेळा. आधी लग्न आणि शिक्षण मिळून तीनदा होतं. दहा वेळा म्हणजे क्लासच्या फीपासून लॅपटॉपपर्यंत सगळं त्यातून. शैक्षणिक कर्ज मिळतं, जुन्या करपद्धतीत त्याच्या व्याजावर आठ वर्षं वजावटही मिळते. काढल्यावर निदान स्वेच्छा वर्गणी वाढवून खड्डा भरता येतो. मात्र वर्षाला आपली वर्गणी अडीच लाखांच्या वर गेली की वरच्या भागाच्या व्याजावर कर लागतो, तेवढं सांभाळावं.

आणि इकडे येऊन दहा-पंधरा वर्षं झाली तरी भारतातला जुना पीएफ तसाच ठेवलेले पुष्कळ आहेत. मुलाच्या कॉलेजला तो काढायचा विचार असेल तर भारतात करमुक्त म्हणजे इथेही करमुक्त, असं समजू नये. अमेरिकेचा रहिवासी जगभरच्या उत्पन्नावर कर देतो. पैसे मागवण्याआधी पासबुकातून मुद्दल आणि व्याज वर्षवार वेगळं काढावं, भारतातली सगळी खाती मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली असतील तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म भरला होता का ते बघावं, आणि दोन्ही देशांचे कर जाणणाऱ्या सीपीएला, म्हणजे इथल्या सनदी लेखापालाला, हे कागद पैसे निघण्याआधी दाखवावेत. रक्कम खात्यात जमा झाल्यावर त्याच्या हातात फारसं काही उरत नाही.