मेनिन गेटवर नाव शोधायचं असेल तर

बेल्जियममधल्या ईपर शहरातलं मेनिन गेट, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या बेपत्ता सैनिकांची स्मारक-कमान, बघायला बहुतेक जण रात्री ८ च्या मानवंदनेच्या बिगुलासाठी जातात. जरूर जा. ७.३० च्या आत कमानीखाली पोचा, नाहीतर नुसत्या माणसांच्या पाठी दिसतात. ८ च्या जरा आधी रहदारी थांबते आणि बिगुलवाले भर रस्त्यात उभे राहतात. परंपरेने ते तिथल्या अग्निशमन दलातले. टाळ्या वाजवायच्या नसतात. १९२८ मध्ये सुरू झालेला हा शिरस्ता दुसऱ्या महायुद्धात, जर्मन ताब्याच्या चार वर्षांत तिथे खंडला.

पण खरं स्मारक भिंतीवर आहे, आणि ते दिवसाउजेडी वाचावं असं माझं ठाम मत आहे.

ईपरच्या आघाडीवर पडलेल्या, पण कबरीचा पत्ता न लागलेल्या, ब्रिटिश साम्राज्याच्या ५४,००० हून जास्त सैनिकांची नावं इथे कोरली आहेत. २४ जुलै १९२७ ला उद्घाटन झालं, पण एवढी मोठी कमानही सगळ्यांना पुरली नाही. मग ब्रिटिश सैनिकांपुरती १५ ऑगस्ट १९१७ ही हद्द ठरली. त्यानंतर बेपत्ता झालेले सुमारे ३५,००० जण ईपरजवळच्या टाइन कॉट दफनभूमीच्या भिंतीवर गेले. एका दिवसाच्या फरकाने एकाच पलटणीतले दोघे दोन गावांत! न्यूझीलंडचे सैनिक तर इथे नाहीतच, त्यांची स्मारकं वेगळी.

नावं आधी पलटणीप्रमाणे, मग हुद्द्याप्रमाणे, मग आडनावाप्रमाणे लावलेली आहेत. भारतीय नावं चारशेच्या वर आहेत आणि घोळ होतो तो तिथेच. अनेकांच्या नोंदीत आडनाव नाही, स्पेलिंग कारकुनाला ऐकू आलं तसं. म्हणून नुसतं नाव घेऊन जाऊ नका. पलटण आणि सैनिक क्रमांक मिळवा, कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा आणि फलकाचा क्रमांक लिहून घ्या.

आकडा चारशेचा बघून आपले लोक इथे थोडेच मेले, असं मात्र समजू नका. भारतीय बेपत्तांचं मोठं स्मारक फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला आहे, तिथे ४,७०० हून जास्त नावं आहेत. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या (लष्करी अभियंत्यांच्या) २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला त्याच गावात लढल्या. त्यांच्यातलं कुणी शोधत असाल तर आधी तिकडे बघा.

दोन्हीकडे नाव सापडलं नाही तर कबरींची यादी तपासा. फ्लँडर्सच्या, म्हणजे ईपरच्या आसपासच्या, शेतांत आजही सांगाडे निघतात. ओळख पटली की त्या सैनिकाला स्वतःच्या नावाची कबर मिळते, आणि भिंतीवरचं नाव यथावकाश काढलं जातं.