‘मोडेम फक्त विंडोजवर चालतो’ : त्या मेसेजमधला एकेक दावा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून नाशिकमधल्या सोसायट्यांच्या, पालकांच्या आणि दुकानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा : विंडोज १० बंद झाल्यामुळे जुन्या संगणकावर आता नेट चालणार नाही. फायबरचा मोडेम विंडोजसाठीच बनवलेला असतो, लिनक्स (विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं तर तो सपोर्ट करत नाही. अ‍ॅपलचा मॅक असेल तर वेगळा मोडेम लागतो. डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा सिमवाला मोडेम) विंडोजशिवाय चालतच नाही. लिनक्स टाकल्याचं नेट कंपनीला कळलं तर ती कनेक्शन तोडते. तेव्हा जुना संगणक भंगारात द्या आणि नवा घ्या.

हा मेसेज वाचून सोडून देण्यासारखा नाही, कारण त्यामुळे लोकांचे पैसे जाताहेत. कॉलेज रोडच्या अभ्यासिका, सातपूर-अंबडची लहान युनिटं, दिंडोरी-पेठकडच्या शाळांना देणगीत मिळालेले संगणक, अशा सगळीकडे विंडोज ११ च्या अटींत न बसणारी यंत्रं आहेत. त्या अटींत टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. यातली बरीच यंत्रं लिनक्सवर अजून काही वर्षं व्यवस्थित काम देतील. मुक्त विद्यापीठातून शिकणाऱ्या एखाद्या मुलीच्या घरी ‘मोडेम चालणार नाही’ या एका वाक्यापायी तीस-चाळीस हजारांचा लॅपटॉप हप्त्यावर येणार असेल, तर त्या वाक्याला सविस्तर उत्तर दिलंच पाहिजे.

पहिला दावा, विंडोज १० बंद म्हणून नेट बंद. बंद झालं आहे ते मायक्रोसॉफ्टकडून मिळणारं मोफत सुरक्षा अपडेट. संगणक पूर्वीसारखाच सुरू होतो आणि नेटही चालतं. धोका निराळा आहे. नव्याने सापडणारी भगदाडं आता आपोआप बुजवली जात नाहीत, त्यामुळे अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणं दिवसेंदिवस जोखमीचं होत जाईल. घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवलेली आहे. ती घ्या किंवा दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाका, पण नेट तुटेल या भीतीने काही करू नका.

दुसरा दावा या मेसेजचा कणा आहे : फायबरचा मोडेम विंडोजसाठीच बनवलेला असतो.

घरात काचेची बारीक तार ज्या डब्यात येते त्याला नेटवाले ओएनटी म्हणतात. प्रकाशाचे संकेत ओळखणं, कंपनीच्या यंत्रणेशी ओळख पटवणं, आलेली माहिती लॅन केबलवर किंवा वायफायवर देणं, हे सगळं काम त्या डब्यातच होतं. तुमच्या संगणकाला फायबर दिसतही नाही. त्याला दिसतं ते फक्त इथरनेट किंवा वायफाय. ही दोन्ही जागतिक मानकं आहेत, कोणा एका कंपनीच्या मालकीची नाहीत. संगणकाला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची त्याची ओळख, मिळते ती डीएचसीपी नावाच्या पद्धतीने. तिचं आज वापरात असलेलं मानक १९९७ सालचं आहे आणि ते विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड सगळ्यांना येतं. डब्याकडे पत्ता मागणारं यंत्र कोणत्या सिस्टीमवर चालतं, यावर पत्ता देणं-न देणं अवलंबून नसतं.

याचा पुरावा तुमच्या हातात आहे. हा मेसेज तुम्ही ज्या फोनवर वाचला, तो अँड्रॉइडचा असेल तर लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो आणि घरच्या त्याच डब्याच्या वायफायवर असतो. दिवाणखान्यातला स्मार्ट टीव्हीसुद्धा विंडोजवर चालत नाही. आणखी एक गोष्ट अशी की घरगुती राउटर आणि ओएनटी यांतल्या बहुतेकांच्या आत लिनक्सच असतं. लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी-५४जी या राउटरातल्या लिनक्सचा सोर्स कोड २००३ मध्ये कंपनीला खुला करावा लागला आणि त्यातूनच पुढे राउटरसाठी खुलं सॉफ्टवेअर बनवणारा ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. ज्या डब्याच्या पोटात लिनक्स आहे तो लिनक्सच्या संगणकाला ओळखत नाही, हे म्हणणं टिकत नाही.

मग हा समज आला कुठून? तो हवेतून आलेला नाही. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत, फोनच्या तारेवरून. त्या काळातले बाहेर ठेवायचे मोडेम सिरियल पोर्टला जोडले जात आणि हेज कंपनीने रूढ केलेल्या आज्ञा पाळत. ‘एटीडीटी’ आणि पुढे नंबर पाठवला की तो डायल करायचा, मग आज्ञा देणारा संगणक कोणताही असो. नव्वदीच्या अखेरीस संगणकाच्या आत बसवायची स्वस्त पीसीआय मोडेम कार्डं आली. त्यांच्यातून संकेतप्रक्रियेची चिप काढून टाकलेली असे आणि ते सगळं काम संगणकाच्या प्रोसेसरवर, ड्रायव्हरमार्फत (म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत), ढकललेलं असे. ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी निघायचा, म्हणून लोक त्यांना ‘विनमोडेम’ म्हणू लागले. असेंबल केलेल्या पीसीत अशी कार्डं सर्रास बसवली जायची आणि त्यावर लिनक्स टाकणाऱ्याची खरोखर पंचाईत व्हायची. ल्युसेंट किंवा कोनेक्संटच्या चिपसाठी वेगळे ड्रायव्हर शोधून काढणं हा तेव्हा एक उद्योगच होता.

पुढे जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं. त्या काळातल्या काही एडीएसएल (फोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडच्या) मोडेमांना लॅन आणि यूएसबी अशी दोन्ही तोंडं होती. लॅनने जोडलं तर कोणत्याही यंत्रावर सरळ चालायचं, यूएसबीने जोडलं तर सीडीतला ड्रायव्हर लागायचा आणि तो बहुधा विंडोजचाच असायचा. ज्यांच्या संगणकात लॅन कार्ड नव्हतं त्यांनी यूएसबी वापरलं आणि ‘मोडेमला विंडोज लागतं’ हे मनात पक्कं बसलं. तेव्हाच्या त्या अनुभवाला मी खोटं म्हणत नाही. माझा आक्षेप आहे तो वीस वर्षांपूर्वीचा अनुभव आजच्या ओएनटीला चिकटवण्यावर. मोडेमचं काम डब्यात होत असेल तर संगणकावर काय आहे याने फरक पडत नाही. कामाचा काही भाग संगणकाच्या ड्रायव्हरवर टाकलेला असेल तरच पडतो.

मॅकसाठी वेगळा मोडेम लागतो, हा तिसरा दावा. वरचं सगळं मॅकलाही लागू आहे, वेगळा मोडेम लागत नाही. नव्या मॅकबुकला लॅनचं तोंड नसतं, तेव्हा केबलच हवी असेल तर यूएसबी-सी ते लॅन असा अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागेल. वायफायवर तोही नको.

डोंगलच्या दाव्यात मात्र थोडं तथ्य आहे, आणि जिथे ते आहे तिथे मान्य करायला हवं. हुवावे, झेडटीई यांचे बरेच डोंगल संगणकाला लावले की आधी सीडी ड्राइव्ह असल्याचं सांगतात. त्या सीडीत विंडोजचं सॉफ्टवेअर असतं. ते बसलं की डोंगलला एक आज्ञा जाते आणि मग तो मोडेम होतो. लिनक्सवर सुरुवातीला ही आज्ञा कोणी पाठवत नसे, म्हणून नुसती सीडी दिसायची आणि लोक हात टेकायचे. त्यावर ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचं छोटं सॉफ्टवेअर निघालं. ते आज उबुंटू, फेडोरा, मिंट या लिनक्सच्या प्रकारांच्या सॉफ्टवेअर भांडारात असतं, कित्येकदा आधीच बसवलेलं असतं. पुढचं काम लिनक्समधला मोडेममॅनेजर करतो. तुम्ही फक्त कंपनी निवडायची आणि एपीएन (कंपनीच्या मोबाइल नेटचं नाव) तपासायचा. जुन्या डोंगलची खरी अडचण उलट मॅकवर होते. त्यांची मॅकसाठीची सॉफ्टवेअरं ३२-बिट होती आणि २०१९ च्या कॅटलिना या आवृत्तीपासून मॅकने ३२-बिट सॉफ्टवेअर चालवणंच सोडून दिलं.

डोंगल चालत नसेल तर एक गोष्ट आधी पाहा. सीडीएमए या जुन्या मोबाइल तंत्राचा असेल तर तो विंडोजवरही चालणार नाही, कारण भारतातली सीडीएमए सेवाच बंद झाली आहे. थ्री-जीचा असेल आणि तुमच्या भागात थ्री-जी बंद झालं असेल, तर तो टू-जीवर रांगेल. दोन्हींत ऑपरेटिंग सिस्टीमचा दोष नाही.

फोन यूएसबीने जोडून नेट घेणं, म्हणजे टेदरिंग, हाही मोडेमचाच प्रकार आहे. अनेक अँड्रॉइड फोन यासाठी मायक्रोसॉफ्टची आरएनडीआयएस ही पद्धत वापरतात. विंडोज आणि लिनक्स दोघांनाही ती येते, काही बसवावं लागत नाही. मॅकला ती मुळातून येत नाही, तिथे वायफाय हॉटस्पॉट वापरा. सुसंगततेचा खरा प्रश्न म्हणतात तो हा, आणि त्यात लिनक्स विंडोजच्या बाजूला उभं आहे.

कंपनी कनेक्शन तोडते, हा पाचवा दावा निव्वळ धाक आहे. कंपनीची यंत्रणा ग्राहक ओळखते तो डब्याच्या सिरियल नंबरवरून आणि तुमच्या युजरनेम-पासवर्डवरून. घरातली यंत्रं सहसा डब्याच्या एकाच बाहेरच्या पत्त्यामागे असतात. आतला संगणक काय चालवतो याच्याशी कनेक्शनचा संबंध नाही. डब्याच्या वॉरंटीचाही नाही, कारण डब्यात तुम्ही काही बदललेलंच नाही.

‘पण आमच्याकडे लिनक्स टाकलं आणि नेट खरंच गेलं’ असं सांगणारेही आहेत. ते खोटं बोलत नाहीत, फक्त दोष भलत्यालाच देतात. बहुतेक वेळा गुन्हेगार असतं लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड. ब्रॉडकॉमच्या काही चिपांना लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागतो, रिअलटेकच्या काही यूएसबी वायफाय अ‍ॅडॉप्टरांनाही लागतो. तपासणं सोपं आहे. लॅन केबल जोडा, किंवा फोन यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा. नेट आलं तर डबा निर्दोष आहे, आणि त्याच नेटवरून वायफायचा ड्रायव्हर उतरवून घेता येतो. त्याहून बरं म्हणजे फॉरमॅट मारण्याआधीच लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरूनच लिनक्स सुरू होतं) लावून बघा. हार्ड डिस्कला हात न लावता वायफाय चालतं की नाही ते कळतं.

दुसरं कारण ऑफिसांत आणि जुन्या कनेक्शनांवर आढळतं. तिथे डबा ब्रिज मोडवर असतो, म्हणजे तो माहिती नुसती पुढे पाठवतो आणि डायलिंग संगणक करतो. डेस्कटॉपवर ‘ब्रॉडबँड कनेक्शन’ असा आयकॉन असतो, त्यात युजरनेम-पासवर्ड साठवलेला असतो. फॉरमॅट मारला की तो जातो. विंडोज पुन्हा टाकलं असतं तरी गेलाच असता. लिनक्समध्ये नेटवर्क मॅनेजरच्या डीएसएल किंवा पीपीपीओई प्रकारात तोच युजरनेम-पासवर्ड भरायचा. नेटवाल्याला सांगून डायलिंग डब्यातच टाकून घेतलं तर हा प्रश्न कोणत्याच संगणकावर उरत नाही.

तिसरं, काही केबलवाले एका संगणकाचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा पत्ता, अ‍ॅपलच्या मॅकशी त्याचा संबंध नाही) बांधून ठेवतात. संगणक किंवा लॅन कार्ड बदललं की नेट थांबतं आणि त्यांना फोन करावा लागतो. नुसती सिस्टीम बदलल्याने कार्डाचा पत्ता बदलत नाही.

जुन्या विंडोजलाही अशीच अडचण येते, आणि मेसेज त्याबद्दल गप्प आहे. नव्या डब्यावर सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत) ठेवली असेल तर विंडोज ७ चा संगणक त्या वायफायला जोडला जाणार नाही, नवं लिनक्स टाकलेला आणि डब्ल्यूपीए३ पेलणारं कार्ड असलेला जोडला जाईल. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय २.४ वाल्या जुन्या कार्डाला दिसतच नाही, सिस्टीम कोणतीही असो. डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ चालू करा आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा.

उरला भंगाराचा सल्ला. तुमचा सगळा हिशोब टॅलीवर असेल तर त्या यंत्रावर विंडोजच ठेवा, कारण टॅली विंडोजसाठीच बनतं. एखादं खात्याचं किंवा यंत्रसामग्रीचं सॉफ्टवेअर विंडोजच मागत असेल तरी तेच करा. ही कारणं खरी आहेत आणि प्रत्येकाने आपापल्या कामानुसार तपासावीत. यात मोडेम कुठेच येत नाही. ब्राउझर, मराठी टायपिंग, ऑनलाइन वर्ग, फॉर्म भरणं, सातबारा काढणं एवढंच ज्या संगणकावर होतं, तो भंगारात देण्यापूर्वी लाइव्ह पेनड्राइव्ह लावून पाहायला अर्धा तास पुरेसा आहे.

मेसेज पुढे पाठवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. त्यात एकाही मोडेमचं मॉडेल दिलेलं नाही. अमुक डबा लिनक्सवर चालत नाही असं कोणाला खरंच आढळलं असेल, तर डब्यामागच्या लेबलवरचा मॉडेल नंबर, संगणक लॅनने जोडला की वायफायने की यूएसबीने, आणि लिनक्सची कोणती आवृत्ती होती, हे तीन तपशील ग्रुपवर लिहा. तेवढ्यावर बिघाड शोधता येतो.