उन्हाळी, उष्णता आणि आपल्याच पोटातला जिवाणू

गेल्या वर्षभरात मला तीनदा उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला आग आणि सारखी घाई. पहिल्या दोन्ही वेळा घरातल्या मोठ्या माणसांनी ‘अंगात उष्णता वाढली आहे’ असे सांगून धने-जिऱ्याचे पाणी पुढे केले, आणि शाळेतल्या एका सहकारी बाईंनी आवाज खाली आणून ‘जरा स्वच्छता पाळत जा हो’ असे सुचवले. एका सल्ल्यात माया होती, दुसऱ्यात काळजी होती, हे मी मान्य करते. तरीही या दोन समजुतींमुळे दुखणे लांबते असे माझे मत झाले आहे, आणि दुसरीमुळे तर बाई डॉक्टरसमोर तोंड उघडायलाच लाजते.

या दुखण्यामागे बहुतेक वेळा ई. कोलाय हा जिवाणू असतो, आणि तो बाहेरून येत नाही. तो आपल्याच आतड्यात मुक्कामाला असतो. थिओडोर एशरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली त्याचे वर्णन केले, तेही तान्ह्या मुलांच्या शौचाचा अभ्यास करताना. आतड्यात तो सहसा निमूट राहतो. त्याच्या काही जाती मूत्रमार्गात शिरल्या की मात्र उपद्रव सुरू होतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटर लांब असतो आणि त्याचे तोंड गुदद्वारापासून फार दूर नसते. पुरुषात मूत्रमार्गाची हीच लांबी सुमारे वीस सेंटीमीटर असते. दोन वेळा अंघोळ करणाऱ्या बाईलाही हा त्रास होतो तो या शरीररचनेमुळे, आणि त्याबद्दल तिला उपदेश करण्यात काही अर्थ नाही.

लघवीच्या प्रवाहाबरोबर हे जिवाणू वाहून का जात नाहीत, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. त्याचे उत्तर असे की, त्यांच्या अंगावर केसांहून कितीतरी बारीक असे तंतू असतात आणि त्या तंतूंच्या टोकाला असलेले फिमएच नावाचे प्रथिन मूत्राशयाच्या अस्तरातल्या पेशींवरच्या मॅनोज या शर्करेला धरून बसते. प्रवाहाचा ताण पडला की ही पकड सुटण्याऐवजी अधिक घट्ट होते, ओढावी तशी आवळत जाणाऱ्या सरकफासासारखी. पुढे काही जिवाणू थेट पेशींच्या आत शिरून तिथे वाढतात. शरीर मग पांढऱ्या पेशी पाठवते, बाधित अस्तर सोलून टाकते, आणि आपल्याला जी आग होते, दर दहा मिनिटांनी उठावे लागते, ती बऱ्याच अंशी या झटापटीची असते. उंदरांवरच्या प्रयोगांत असेही दिसले आहे की काही जिवाणू अस्तराच्या खोल थरात सुप्त पडून राहतात आणि पुढे पुन्हा डोके वर काढतात.

हे मला आधी माहीत असते तर दुसऱ्या वेळी मी कपाटातल्या जुन्या स्ट्रिपमधल्या उरलेल्या दोन गोळ्या घेतल्या नसत्या. दोन दिवस बरे वाटले, महिन्याभराने पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी आधी कल्चर, म्हणजे लघवीतले जिवाणू वाढवून त्यांच्यावर कोणते औषध चालते हे पाहणारी तपासणी, करायला सांगितले. लघवीची ती बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून, भाजीच्या पिशवीच्या तळाशी लपवून मी लॅबमध्ये नेली. कुणाच्या नजरेपासून लपवत होते, कोण जाणे. दोन दिवसांनी आलेल्या अहवालात ई. कोलाय होता आणि औषधांची लांब यादी होती. दुसऱ्या वेळी मी घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे ‘आर’ होता, म्हणजे हा जिवाणू त्या औषधाला दाद देत नव्हता. नायट्रोफ्युरॅन्टॉइन या औषधापुढे ‘एस’ होता, म्हणजे ते लागू पडणारे होते. ती गोळी सांगितले तितके दिवस घेतली आणि बरे वाटले. थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत दुखू लागले, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो आणि मग वाट पाहायची नसते, हेही डॉक्टरांनी तेव्हाच बजावले. गरोदरपणात तर लक्षणे नसतानाही लघवीत जिवाणू सापडले तर उपचार करावे लागतात.

‘उन्हाळी’ हा शब्द मात्र मी पूर्णपणे मोडीत काढणार नाही. उन्हात घाम जातो, लघवी कमी होते, मूत्राशय धुऊन निघत नाही आणि जिवाणूंना वाढायला वेळ मिळतो. ज्यांना हा त्रास वारंवार होतो आणि ज्या पाणी कमी पितात, अशा स्त्रियांना रोज दीड लिटर जादा पाणी दिल्यावर वर्षभरातले संसर्ग जवळपास निम्म्यावर आले, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसले. तेव्हा धने-जिऱ्याच्या पाण्यातल्या पाण्याला तरी मी नावे ठेवत नाही.

अडचण पाणी पिण्यानंतरची आहे. आमच्या शाळेत अकरा शिक्षिकांना मिळून एक स्वच्छतागृह आहे आणि त्याच्या दाराला आतून कडी लागत नाही. त्यामुळे सकाळी सात ते दुपारी एक या वेळात आम्ही बहुतेकजणी बाटली उघडतच नाही. गेल्या महिन्यात मी कडीसाठी लेखी अर्ज दिला आणि कारणाच्या रकान्यात ‘मूत्राशयाचा संसर्ग’ असे स्वच्छ अक्षरात लिहिले. अर्ज वाचून लिपिकांनी मान खाली घातली आणि शिक्का मारला. कडी अजून बसायची आहे.