‘वाढीचा सिग्नल दाबा, अंडाशयाचा कर्करोग टाळा’: यात कुठे कुठे गफलत आहे

सगळीकडे फिरणारा मजकूर थोडक्यात असा: दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडताना अंडाशयाचा पृष्ठभाग फाटतो. जखम भरायला तिथल्या पेशींत ‘वाढीचा सिग्नल’ पेटतो. तो विझला नाही की कर्करोग. म्हणून तो सिग्नल दाबणारं काहीही घ्या. सोबत एक आलेखही असतो: डिशमध्ये अमुक पदार्थ टाकल्यावर पेशी निम्म्या झाल्या.

पहिलं वाक्य खरं आहे. पुढे मात्र दर वाक्याला घोळ वाढत जातो.

‘वाढीचा सिग्नल’ असा एक नाहीच. अंडाशयावर या पेशींचा जेमतेम एक थर असतो. ईजीएफ हा वृद्धिघटक (पेशींना वाढायला सांगणारं प्रथिन) त्यांच्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहक प्रथिनाला, चिकटला की संदेश निदान दोन वाटांनी आत शिरतो. रास-रॅफ-मेक-ईआरके ही एकामागून एक चालू होणाऱ्या प्रथिनांची वाट प्रामुख्याने विभाजनाकडे ढकलते. पीआय३-कायनेज-एकेटी ही वाट पेशीला तगवते आणि प्रथिनं बनवायला लावते. खालच्या स्ट्रोमातून, म्हणजे आधार देणाऱ्या ऊतीतून, एचजीएफ, केजीएफ हे आणखी वृद्धिघटक येतात. त्यांचे रिसेप्टर वेगळे, पुढचा रस्ता बराचसा हाच. शिवाय ईजीएफ मिळालं की या पेशी नुसत्या वाढत नाहीत. फरशीसारख्या बसलेल्या पेशी लांबट, चातीसारख्या होतात आणि सरकू लागतात. जखम बुजवण्यात या सरकण्याचाही वाटा असतो, हे मजकूर लिहिणाऱ्याच्या गावीही नाही.

‘विझत नाही’ म्हणे. विझवायची सोय त्याच पेशीत आहे. ईजीएफ दिल्यावर ईआरकेचं फॉस्फोरिलेशन (फॉस्फेट जोडून ते चालू होणं) साधारण ५ ते १५ मिनिटांत शिखर गाठतं आणि उतरू लागतं, कारण रिसेप्टर पेशीत ओढला जातो आणि फॉस्फेटेज विकरं फॉस्फेट काढून टाकतात. याखेरीज स्वतंत्र ब्रेक आहे तो टीजीएफ-बीटा या संदेशवाहक प्रथिनाचा, आणि तो या पेशी स्वतःही तयार करतात. त्याच्या रिसेप्टरमुळे स्मॅड२ आणि स्मॅड३ ही प्रथिनं सक्रिय होतात, स्मॅड४ला घेऊन केंद्रकात जातात, विभाजन रोखणारी पी१५ आणि पी२१ वाढवतात, विभाजनाला चालना देणारं सी-मिक उतरवतात. पेशी जी-१ टप्प्यात, म्हणजे डीएनएची नक्कल सुरू होण्याआधीच, थांबते. फट बुजून पेशी एकमेकींना भिडल्या की हिप्पो नावाचा संदेशमार्ग याप या वाढ चालवणाऱ्या प्रथिनाला केंद्रकाबाहेर ठेवतो. हा तिसरा लगाम.

आता तो आलेख. आधी पेशी कोणत्या ते पाहा. अंडाशयावरून खरवडून काढलेल्या पेशी काही पॅसेजनंतर (नव्या डिशमध्ये हलवण्याच्या फेऱ्यांनंतर) वाढायच्या थांबतात, म्हणून अनेक प्रयोगशाळा एसव्ही४० विषाणूच्या टी-अँटिजेनने अमर केलेल्या पेशी वापरतात. ते प्रथिन पी५३ आणि आरबी हे पेशीचे दोन्ही ब्रेक निकामी करतं. ब्रेक काढलेल्या गाडीवर ब्रेकची चाचणी घेतल्यासारखंच हे.

मग पेशी वाढवायचं माध्यम. एमसीडीबी-१०५ आणि मीडियम १९९ समप्रमाणात, त्यात १० ते १५ टक्के सीरम (रक्तातला द्रव), हे नेहमीचं मिश्रण. पण सीरममध्ये वृद्धिघटक आणि लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल असतंच, त्यामुळे ईआरके आधीच चढलेला असतो. म्हणून पेशी रात्रभर सीरमविना ठेवायच्या, मग ईजीएफ १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर द्यायचं आणि ०, ५, १५, ६० मिनिटांना डिश बर्फावर घेऊन पेशी फोडायच्या. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) फॉस्फेटेज रोखणारं सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट आणि सोडियम फ्लोराइड हवं. नाहीतर फॉस्फेट तिथेच गळतात आणि ‘सिग्नल दबला’ असं दिसतं. प्रथिनं वेगळी करून दाखवणाऱ्या चित्रात फॉस्फो-ईआरकेच्या (फॉस्फेट जोडलेल्या ईआरकेच्या) पट्टीशेजारी एकूण ईआरकेची पट्टी नसेल तर ते चित्र निरुपयोगी. ‘पेशी निम्म्या’ हा आकडा एमटीटी चाचणीचा असेल तर तोही जपून घ्यावा: ती चाचणी चयापचय मोजते, पेशी नाही. मोजायच्या असतील तर सरळ गणना करा किंवा नवा डीएनए बनवणाऱ्या पेशी दाखवणारं ईडीयू वापरा.

सगळ्यात मोठी उडी शेवटची. ‘जखम, म्हणून कर्करोग’ ही कल्पना फतल्ला यांनी १९७१ मध्ये मांडली आणि ती टाकाऊ नाही. गर्भनिरोधक गोळ्यांनी धोका कमी होतो, हेही पक्कं: २००८ मध्ये ४५ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दर ५ वर्षांच्या वापरामागे सुमारे २० टक्के घट दिसली. पण गोळीने स्त्रीबीज सुटणं थांबतं तसे संप्रेरकांचे चढउतारही बदलतात; त्यावरून पृष्ठभागाच्या पेशींचा एक सिग्नल दोषी ठरत नाही. सर्वांत घातक असलेला उच्च श्रेणीचा सिरस कर्करोग तर बहुतांश वेळा गर्भनलिकेच्या झालरीत सुरू होतो. २०११ च्या जनुकीय नकाशात त्यातल्या सुमारे ९६ टक्के गाठींत टीपी५३ (पी५३चं जनुक) बिघडलेलं होतं. केरास आणि बीरॅफ या रास-रॅफ वाटेवरच्या जनुकांतले बदल सापडतात ते प्रामुख्याने निम्न श्रेणीच्या प्रकारात, जो बराच दुर्मीळ आहे.

आणि ‘दाबा’? दाबून पाहिलंय. ईजीएफ रिसेप्टर रोखणारं एर्लोटिनिब पहिल्या केमोथेरपीनंतर देण्याची मोठी चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष्य वाढलं नाही. एकेटीच्या पुढचा एमटॉर रोखला तर त्याखालच्या एस६-कायनेजने आयआरएस-१वर (एकेटीकडे संदेश नेणाऱ्या प्रथिनावर) ठेवलेला दाब सुटतो आणि एकेटी उलट चढू शकतो. मेक रोखणारं ट्रामेटिनिब परतलेल्या निम्न श्रेणीच्या कर्करोगात उपयोगी ठरलं, कारण तिथे ती वाट खरोखर महत्त्वाची आहे. ईजीएफ रिसेप्टरवर त्वचा आणि आतड्याचं अस्तरही चालतं, म्हणून ही औषधं घेणाऱ्यांना पुरळ येतं, जुलाब होतात. मजकुरातलं ‘काहीही’ घेऊन कुणालाच यातलं काही होत नसेल, तर ते त्या रिसेप्टरपर्यंत पुरेशा प्रमाणात पोचतच नसण्याची शक्यता जास्त.